हाकेच्या अंतरावर

निसर्ग दूर आहे, अशी तक्रार करण्याची सोय कोल्हापूरच्या पालकांना नाही. बिंदू चौकातून निघालेल्या माणसाला अर्ध्या तासात रंकाळ्याचा काठ, पंचगंगेचा घाट, टेंबलाईची टेकडी किंवा शिवाजी विद्यापीठाचा सुमारे ८५० एकरांचा, मोरांच्या केकांनी दुमदुमणारा परिसर गाठता येतो. पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, त्याच्या पलीकडे मसाईचे पठार आहे आणि नैऋत्येला राधानगरीचे जंगल आहे, जिथे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये ज्याचा पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समावेश झाला. पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना जे पाहण्यासाठी रजा टाकावी लागते, ते आमच्याकडे एका सुट्टीच्या सकाळीत बसते. आणि तरीही आमच्या कळंब्याच्या बाजूच्या कॉलनीत संध्याकाळी पाच वाजता उभे राहिले, तर मुले दिसतात ती व्हॅनमधून उतरताना किंवा दुचाकीच्या मागे बसून एका क्लासहून दुसऱ्या क्लासला जाताना. पोहण्याचा क्लास, फुटबॉलचा क्लास, स्केटिंगचा क्लास आणि अलीकडे उन्हाळ्यात निसर्ग-निरीक्षणाचेही शिबिर. मुले घराबाहेर असतात, पण मोकळी नसतात.

याचे खापर सर्रास मोबाईलवर फोडले जाते. मला ते पटत नाही, किंवा असे म्हणू की ते अर्धेच पटते. इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत असे आढळले होते की १९७१ साली तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात असत आणि १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. १९९० साली कोणत्याही मुलाच्या हातात मोबाईल नव्हता. मुलांचे बाहेर जाणे आधी आटले आणि त्या रिकाम्या जागेत पडदा नंतर येऊन बसला. तिथे मुख्य कारण वाहनांचे होते, आणि आमच्याकडेही ते आहेच. ज्या गल्लीत एकेकाळी विटीदांडूची गल्ली खणली जाई, त्या गल्लीत आज दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि मधल्या फटीतून दुचाकी सुसाट जातात. परंतु वाहनांइतकेच महत्त्वाचे आणखी काहीतरी मधल्या काळात नाहीसे झाले आहे, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते.

मी मंगळवार पेठेत वाढले. आमच्या खेळाची हद्द कोणी आखून दिलेली नव्हती. आईची हाक जिथवर ऐकू येईल तिथवर जायचे, एवढाच नियम होता. पण आईची हाक प्रत्यक्षात तिच्या आवाजापेक्षा कितीतरी लांब पोहोचत असे. ती दारात उभी राहून हाक मारी, ती कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीवाले काका ऐकत, त्यांच्याकडून ती शिंप्याच्या दुकानात जाई, तिथून तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांपर्यंत, आणि ते आम्हाला ओरडत, “ए पोरी, तुझी आई कवाधरनं हाका मारालीया, घराकडं जा बघू.” या लोकांपैकी कोणीही आमच्यावर लक्ष ठेवण्यासाठी बसलेले नसे. गिरणीवाले दळण दळत होते, शिंपी काज करत होता आणि आजोबा तर निव्वळ बसलेले होते. पण आम्ही कोणाची मुले, हे त्यांना ठाऊक होते. कोणी पडले, रडले, भलत्याच माणसाबरोबर बोलताना दिसले, तर त्यांची नजर आपोआप वर होई. आजच्या इमारतींच्या तळमजल्यावर वाहनतळ असतो. तिथे गाड्या असतात, माणसे नसतात. घर आणि मोकळी जागा यांच्या मधोमध जी ओळखीची माणसे होती ती उठून गेली, आणि त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या आईला खालचे अंगणही परमुलखासारखे वाटू लागले. तिला भित्री म्हणणाऱ्यांनी तिच्या गॅलरीत एकदा उभे राहून पाहावे.

दुसरी नाहीशी झालेली गोष्ट म्हणजे थोरली मुले. निसर्गाबद्दल मला जे काही पहिले कळले, ते एकाही मोठ्या माणसाने मला सांगितलेले नाही. वाड्याच्या मागच्या पडक्या परड्यात मोगली एरंडाचे कुंपण होते. त्याचे पान देठापासून मोडले की चीक येतो, गवताची काडी वाकवून तिचा फासा केला आणि त्यात तो चीक धरून हलकेच फुंकर घातली की इंद्रधनुष्याच्या रंगाचे फुगे सुटतात, हे मला शेजारच्या सहावीतल्या ताईने दाखवले. त्याच दमात तिने हेही सांगितले की याच्या बिया तोंडात घालायच्या नाहीत आणि चिकाचे हात डोळ्यांना लावायचे नाहीत. बिट्टीच्या बियांनी आम्ही खेळत असू, पण ती बी विषारी आहे हे खेळाच्या नियमांबरोबरच शिकवले जाई, नियमांइतकेच गंभीरपणे. गुलमोहराची कळी उघडून आतल्या पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवायची आणि ओढायची, ज्याचे डोके तुटेल त्याचा कोंबडा हरला. रुईच्या फुटलेल्या फळातून उडालेली म्हातारी पकडायची. आघाड्याच्या तुऱ्यातून पळत जाऊन कोणाच्या कपड्यांना जास्त चिकटले ते पाहायचे. या सगळ्याला कोणी वनस्पतिशास्त्र म्हटले असते, तर आम्ही तिथून पळून गेलो असतो.

मृग लागला की पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागत. मृगाचा किडा हातावर घेतला की तो पाय आखडून निपचित पडतो, आणि तळहात स्थिर ठेवला तरच पुन्हा चालतो. त्यामुळे तो पाहायचा असेल, तर गप्प राहावे लागे; आमच्या टोळीला गप्प बसवण्याची ताकद दुसऱ्या कशातही नव्हती. त्याचे पाय मोजायची पैज लागे. आठ येत. पुढे शाळेत किटकांना सहा पाय असतात असे फळ्यावर आले, तेव्हा आमच्यातल्या एकाने उठून मृगाच्या किड्याचे काय, असे विचारले होते. तो खरोखरच कीटक नाही, कोळ्यांच्या कुळातला जीव आहे. एरवी जमिनीत राहतो आणि पाऊस पडल्यावर थोडे दिवस वर येतो. पण प्रश्न विचारण्यासाठी उत्तर माहीत असावे लागत नाही, पाय मोजलेले असावे लागतात.

हे ज्ञान मोठ्या मुलांकडून लहानांकडे जात होते आणि ते तसेच जाऊ शकते, असे माझे मत झाले आहे. अकरा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांची असताना कशाची भीती वाटत होती, हे नीट आठवत असते. आपल्याला ते आठवत नाही, म्हणून आपण एकतर फार सूचना देतो किंवा फार कौतुक करतो. आजच्या क्लासमध्ये मात्र वयानुसार गट पाडलेले असतात. आठ वर्षांची मुले आठ वर्षांच्यांबरोबर, दहाची दहाच्यांबरोबर, आणि सर्वांच्या समोर शिट्टी घेतलेला एक मोठा माणूस.

माझे आजोळ भोगावतीच्या काठावरचे. तिथल्या विहिरीत पोहायला शिकवण्याची पद्धत शहरातल्या जलतरण तलावावर कोणाला सांगितली, तर पोलिसांत तक्रार होईल. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचे. पण ढकलणाऱ्याआधी दोन जण पाण्यात उतरलेले असत, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. माझा मामेभाऊ तेव्हा चौदा वर्षांचा असेल. तो भोपळ्याची दोरी स्वतः ओढून पाहिल्याशिवाय कोणाला काठावर येऊ देत नसे, विहिरीत एका वेळी किती जणांनी उतरायचे ते तो ठरवी, आणि त्याचा शब्द मोडणाऱ्याला त्या दिवशी पाणी बंद. इतकी जबाबदारी त्याला घरात कोणी कधी दिली नव्हती. धोका पत्करायचा कसा याचे शिक्षण त्या विहिरीवर दोघांना मिळत होते, शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्यालाही.

आता थोडे थांबून स्वतःच्याच या आठवणींकडे संशयाने पाहिले पाहिजे. या विषयावरचे लेखन बहुधा ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरू होते आणि त्यात सगळी मुले दिवसभर झाडांवर असतात. त्या विहिरीवर मी पोहले, पण दहा-अकरा वर्षांची झाल्यावर फ्रॉक सुटून सलवार-कमीज आली आणि विहीर बंद झाली. माझ्याच वयाचा दुसरा मामेभाऊ मात्र पुढे कितीतरी वर्षे मुटके मारत राहिला. आमच्या पेठेतल्या कित्येक मुलींचे बाहेर खेळणे कडेवरच्या धाकट्या भावासकट होत असे, आणि त्या लंगडीत ‘कच्चा लिंबू’ असत, कारण कडेवर मूल घेऊन लंगडी घालता येत नाही. ज्याला आपण मोकळे बालपण म्हणतो, ते मुख्यतः मुलग्यांचे होते, आणि त्यातही ज्यांच्या वाट्याला काम आले नव्हते त्यांचे.

गुरे राखणारी पोरे तर दिवसभर रानातच असत. त्यांना शाळेत आणता येत नाही, तर शाळा त्यांच्याकडे नेली पाहिजे, असे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातल्या कोसबाडला ठरवले आणि कुरणशाळा सुरू केली. शिक्षक गुरांच्या मागे कुरणावर जात, आणि झाड, दगड, पाने, पाणी यांतूनच शिकवणे होई. बालशिक्षणाची आधुनिक पुस्तके आज ज्याला निसर्गशाळा म्हणून मिरवतात, ते आपल्याकडे गरजेतून आधीच करून झाले होते. मला त्यातले विशेष वाटते ते हे की ताराबाईंनी त्या मुलांना निसर्ग शिकवला नाही. निसर्ग त्यांच्याकडे होताच, त्यांना त्याच्यासह अक्षरे दिली.

आणि आजही आमच्या जिल्ह्यात अशी मुले आहेत ज्यांना बाहेर राहण्याची टंचाई नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून आलेली कुटुंबे शिवाराच्या कडेला खोपी घालून हंगामभर राहतात, आणि त्यांची लहान मुले फडाच्या बांधावर धाकट्यांना सांभाळत बसलेली दिसतात. त्यांच्यावर आभाळ आहे, मातीही आहे, उसाची कांडीही हाताशी आहे. पण ट्रॉली भरेपर्यंतच्या त्या दिवसात खेळ किती असतो, हे रस्त्यावरून जाताना गाडी थोडी हळू केली तरी दिसते. मुलाला निसर्गात नुसते ठेवून भागत नाही. त्याच्याजवळ स्वतःचा असा वेळ लागतो, सोबती लागतात आणि जेवायची काळजी दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. मुलांनी मातीत खेळावे म्हणून पैसे भरून शिबिराला पाठवणाऱ्या आम्ही आणि मूल मातीतून उठून शाळेत जावे म्हणून धडपडणारी ती आई, दोघी एकाच रस्त्यावरून एकाच वेळी जात असतो. याचे मला उत्तर माहीत नाही आणि या लेखात ते बसणारही नाही, पण हे वगळून लिहिणे खोटे ठरले असते.

बाहेर जाण्याचे फायदे सांगणारी शास्त्रीय कारणे आता पुष्कळ मिळतात. त्यातले एक मला खरोखर महत्त्वाचे वाटते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर घालवायला लावली. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचे अंधुक दिसण्याचा दोष) आली होती, तर बाहेर जाणाऱ्या मुलांमध्ये ३०.४ टक्क्यांना. झाडे बघितल्यामुळे हे घडते असे नाही. उघड्यावरचा प्रकाश खोलीतल्या प्रकाशाच्या कितीतरी पट असतो आणि त्याचा डोळ्याच्या वाढीवर परिणाम होतो, असे मानले जाते. आमच्या कॉलनीतल्या पालकांच्या बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा एका गृहस्थांनी लगेच विचारले की मग ४० मिनिटांची बॅच कोणी चालवील का. त्यांचा हेतू चांगलाच होता.

शिबिरांबद्दल मला तक्रार करायची नाही, पण एक निरीक्षण नोंदवते. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, राधानगरीच्या जंगलात काजवे येतात. एकेका झाडावर हजारो, एका लयीत उजळणारे आणि विझणारे. आता तिथे काजवा महोत्सवही भरतो आणि त्यामुळे मुले ते पाहू शकतात, ही चांगलीच गोष्ट आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्या शेजारच्या गटातल्या एका मुलाला काजवे कोणत्या झाडावर जास्त आहेत हे स्वतः शोधायचे होते. त्याचे पाहणे नुकतेच सुरू झाले होते. पण गटाच्या वेळापत्रकात पुढचे ठिकाण होते, आणि सगळ्यांनी एकत्र राहायचे होते, जे जंगलात रात्री योग्यच आहे. तो निघाला. मला वाटते, निसर्गाशी नाते जडते ते दुसऱ्या, पाचव्या, पन्नासाव्या भेटीत, त्याच त्या झाडाखाली, जिथे दाखवण्यासारखे काहीही नसते. काजव्यांसाठी राधानगरीला वर्षातून एकदा जाता येईल. बांधावरच्या बाभळीचा डिंक कधी पिकतो हे कळायला रोज तिच्यावरून जावे लागते.

पालकांची भीती खोटी नाही, हे पुन्हा सांगते. ज्या पंचगंगेत आमच्या वडिलांची पिढी पोहायला शिकली, तिच्या पाण्यात मेलेले मासे तरंगल्याची छायाचित्रे अधूनमधून वर्तमानपत्रात येतात. रंकाळ्यावर जलपर्णी पसरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदीने शहरात शिरून काय केले ते आमच्या मुलांनी स्वतः पाहिले आहे. नदी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर बोटी आणि छपरे येतात. तरी आषाढात टेंबलाईच्या जत्रेला पंचगंगेचे नवे पाणी कलशात घेऊन, पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर, पेठापेठांतून टेकडी चढणाऱ्या मिरवणुका निघतातच, आणि त्यात लहान मुलीही असतात. नदीला पाणी आले याची दखल घेणारा एक दिवस या शहराने अजून सांभाळला आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून त्यांची मिरवणूक काढणारे हे गाव आहे. गंगावेशीत समोर पिळलेले धारोष्ण दूध उभ्याने पिण्याची इथली सवय तर प्रसिद्धच आहे. शहराच्या मध्यावर म्हशीची कास, शेपटी आणि लाथ या तिन्ही गोष्टी जवळून पाहिलेली मुले इथे मोठी झाली.

पण या सर्वांहून मला महत्त्वाचा वाटतो तो दिवाळीतला किल्ला. सहामाही परीक्षा संपली की ज्या मुलांना एरवी चिखलात पाय घालू दिला जात नाही, ती मुले माती, दगड, विटांचे तुकडे आणि पोती गोळा करू लागतात आणि कोणी त्यांना अडवत नाही. माती कुठली चिकट आणि कुठली भुसभुशीत हे त्यांना बोटांनी कळते. बुरुज ढासळतो तो का ढासळतो यावर वाद होतो. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात, पाणी शिंपडतात, आणि मग दोन दिवस काहीच उगवत नाही म्हणून अस्वस्थ होतात. कामाची विभागणी नववीतला मुलगा करतो आणि पहिलीतल्याला पाणी आणायला पाठवतो. म्हणजे पहिलीतला त्या किल्ल्यावर आहे, हे लक्षात घ्या. बाकी कुठल्या ठिकाणी ही दोन मुले आज एकत्र येतात? किल्ला टिकला, कारण त्याला शिवाजी महाराजांचे नाव आहे आणि म्हणून मोठ्यांनी त्याच्या मातीला संमती दिली आहे. आता तयार किल्लेही बाजारात मिळू लागले आहेत, ते विकत घेणाऱ्यांना मी मनातल्या मनात फार वाईट बोलते.

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात मुलांनी प्रतापगड केला. तुळशीचे लग्न झाले, मावळे उचलून खोक्यात गेले, आणि नियमाप्रमाणे माती हलवण्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी माणूस बोलावला. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने खाली जाऊन त्यांना गाठले. किल्ला मोडला तरी ढीग राहू द्या, असे तिचे म्हणणे होते. काकांनी विचारले, ढिगाचे काय करणार? त्यावर तिला काही सांगता येईना. मग बाकीची मुले जमली, नववीतला मुलगा आला, तळमजल्यावर इस्त्रीचे दुकान असलेले भाऊ बाहेर येऊन म्हणाले, “राहू दे की काका, कुणाला नडालाय व्हय?” काकांनी अट घातली की माती वाहनतळात आली तर त्याच दिवशी ढीग जाईल. नववीतल्याने भोवतीने विटा लावून घेतल्या.

ढीग अजून आहे. त्यात धरण, बोगदा आणि मांजराची समाधी इतके होऊन गेले. जूनमध्ये पहिल्या पावसाने धरण फुटले, तेव्हा पाणी कुठून फुटले हे पाहण्यासाठी पाच मुले छत्री न घेता खाली होती. मी गॅलरीतून हाक मारली, ती माझ्या मुलीला ऐकू गेली नाही, इस्त्रीवाल्या भाऊंना गेली. त्यांनी ती पुढे पोहोचवली, आणि तिकडून उत्तर आले की अजून दहा मिनिटे लागतील.